इंजिनाआधी डोकं: स्वतःचा डाव तपासून, लिहून लोकांसमोर मांडण्याची रीत

बुद्धिबळाचा डाव संपतो, लगेच इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) सुरू होतं, कोण किती पुढे ते दाखवणाऱ्या आलेखात एक खोल दरी दिसते. सव्विसाव्या चालीला घोडचूक झाली एवढं कळतं आणि डाव मिटतो. यातून हाती फार थोडं लागतं. कोणती चाल चुकली ते इंजिन सांगतं, पण ती तुम्ही का खेळलात हे त्याला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि दोन दिवसांनी तुम्हालाही आठवत नाही. लिहिण्याजोगं विश्लेषण याच ‘का’भोवती उभं राहतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी आठवण, मग स्वतःचा विचार, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी लेखन.

डाव कोणता घ्यावा

दीर्घ वेळेचा डाव घ्या. तीन किंवा पाच मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये बहुतेक चाली सवयीने पडतात, त्यामुळे ‘इथे मी काय विचार केला’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. प्रत्येकी किमान १५ मिनिटांचा, शक्य असेल तर तासाभराचा किंवा त्याहून मोठा डाव निवडा. हरलेला डाव सर्वांत उपयोगी, त्याखालोखाल जिंकत असताना बरोबरीत सुटलेला. प्रतिस्पर्ध्याने दहाव्या चालीला वजीर फुकट दिला म्हणून जिंकलेल्या डावावर लिहिण्यासारखं काही नसतं; असे डाव बाजूला ठेवा.

डाव संपल्यावर लगेच

त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, दहा-पंधरा मिनिटं काढून कागदावर टिपणं करा. पट मांडायचीही गरज नाही. कुठे जास्त वेळ घालवला, कोणती चाल खेळायची होती पण खेळली नाही, प्रतिस्पर्ध्याची कोणती चाल अजिबात ध्यानात नव्हती, कुठे आपण जिंकतोय किंवा हरतोय असं वाटलं, एवढंच लिहा. ‘१८व्या चालीला उंट मारायचा होता, पण हत्तीची भीती वाटली’ इतकं तुटक वाक्यही चालतं. पुढे लेखात जी टिपणं सर्वांत जिवंत वाटतात, ती बहुधा याच कागदावरून आलेली असतात.

समोरासमोरच्या स्पर्धेत खेळत असाल तर नोंदीच्या कागदावर चालीशेजारी घड्याळावरची उरलेली वेळही टिपत जा. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांना ते मान्य आहे. प्रत्येक चालीला नको. दर पाच चालींनी किंवा मोठा विचार झाल्यावर पुरे. ऑनलाइन डावांत हे काम आपोआप होतं. उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये प्रत्येक चालीमागे घड्याळाची वेळ असते, ती पुसू नका. एका चालीवर नऊ मिनिटं आणि पुढच्या सहा चालींवर मिळून दोन मिनिटं गेली असतील, तर चुकीचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

प्रतिस्पर्धी तयार असेल तर डावानंतर दोघांनी मिळून पटावर चर्चा करा. त्याने काय पाहिलं होतं आणि कशाला घाबरला होता, हे कुठल्याही यंत्राकडून कळणार नाही. त्याचं म्हणणं वेगळं टिपून ठेवा, स्वतःच्या विचारात मिसळू नका.

नोंद फाइलमध्ये उतरवणं

डाव साठवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे पीजीएन. १९९३ च्या सुमारास स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती आखली आणि आज जवळपास प्रत्येक बुद्धिबळ सॉफ्टवेअर तीच वाचतं. ही साधी मजकुराची फाइल असते. सुरुवातीला चौकटी कंसांत सात ठरलेल्या ओळी येतात: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढऱ्याचा खेळाडू, काळ्याचा खेळाडू आणि निकाल. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने टिंबांनी तोडून लिहायची. ठाऊक नसलेल्या जागी प्रश्नचिन्हं टाकायची. अपूर्ण डावाचा निकाल तारांकनाने दाखवतात.

मराठीत लिहिणाऱ्यांची गफलत तीन ठिकाणी हमखास होते.

पहिली अक्षरांची. फाइलमधल्या प्रत्यक्ष चाली रोमन अक्षरांतच हव्यात, नाहीतर पट हलणारच नाही. मराठी फक्त टिपणांत, म्हणजे महिरपी कंसांच्या आत. टिपणांसाठी रा, व, ह, उं, घो अशी आद्याक्षरं ठरवून घेतली की वाचकाला ती दोन ओळींत सवयीची होतात. महिरपी कंसात दुसरा महिरपी कंस टाकू नका. पहिला बंद होणारा कंस टिपण संपवतो आणि उरलेला मजकूर सॉफ्टवेअर चाल समजून अडखळतं.

दुसरी साठवण्याची. मूळ आखणी रोमन लिपीतल्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला नाही, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा विचित्र अक्षरं दिसतात. साठवल्यावर फाइल एकदा बंद करून पुन्हा उघडा. मराठी शाबूत दिसलं की मगच पुढचं काम करा, कारण बिघडलेली टिपणं सहसा परत मिळत नाहीत.

तिसरी किल्लेकोटाची, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची. फिडेच्या नियमांत किल्लेकोट शून्याच्या आकड्याने लिहितात, पीजीएनमध्ये मात्र रोमन ‘ओ’ हे मोठं अक्षर लागतं. काही सॉफ्टवेअर दोन्ही चालवून घेतात, काही तिथेच थांबतात. हाताने टंकत असाल तर हे लक्षात असू द्या. त्याहून सोपं म्हणजे पडद्यावरच्या पटावर मोहरी हलवून डाव भरणं; मग नोंद सॉफ्टवेअरच करतं.

कागदावरची नोंद भरताना मध्येच ‘ही चाल शक्यच नाही’ अशी जागा येतेच. घाबरून डाव सोडू नका. काळी मोहरी घेऊन खेळताना पट उलटा दिसतो, म्हणून सी आणि एफ, बी आणि जी यांची अदलाबदल होते किंवा सहावी ओळ तिसरी म्हणून लिहिली जाते. आधी ते तपासा. मग एखादी चाल गाळली गेली आहे का पाहा. त्यानंतर दोन हत्ती किंवा दोन घोडे एकाच घरावर जाऊ शकत होते का, हे पाहा. बहुतेक वेळा आपण चुकीचा हत्ती सरकवलेला असतो आणि अडचण दहा चालींनंतर उघडी पडते. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद किंवा जास्त वाढीव वेळ मिळत नसेल, तर नियमानुसार नोंद थांबवता येते. अशा डावाची शेवटची झटापट आठवणीतून जुळवावी लागते. जुळली नाही तर खात्रीच्या चालीपर्यंतच डाव द्या आणि पुढे काय झालं ते एका वाक्यात सांगा. अंदाजाने चाली भरू नका.

इंजिन बंद ठेवून पहिली फेरी

हीच सगळ्यांत टाळली जाणारी पायरी आणि हिच्यातच खरा लाभ आहे. चाळीस चालींच्या डावाला दीड-दोन तास लागतात. शक्य असेल तर खऱ्या पटावर मोहरी मांडा. हाताने हलवताना डोळा वेगळ्या गोष्टी टिपतो. मोबाइल दूर ठेवा.

एकदा संपूर्ण डाव न थांबता खेळून काढा. दुसऱ्यांदा खेळताना तीन ते पाच कळीच्या जागांवर खूण करा. जागा ओळखायची कशी? जिथे परत न फिरवता येणारा निर्णय झाला ती जागा कळीची: प्याद्याची चाल, वजिरांची मारामारी, उंटाच्या बदल्यात घोडा देणं, किल्लेकोटाची बाजू निवडणं. जिथे घड्याळाचा मोठा भाग खर्च झाला तीही. आणि जिथे प्रतिस्पर्ध्याच्या चालीने दचकायला झालं, त्याच्या एक चाल आधीची जागा. दचकलो म्हणजे आधीच्या चालीला ती शक्यता पाहिली नव्हती. त्यामुळे खूण दचकण्याच्या जागी न करता एक चाल मागे करायची.

प्रत्येक जागी थांबून चार गोष्टी लिहा. समोरच्याची धमकी काय आहे? माझ्यापुढे कोणत्या दोन-तीन चाली होत्या? प्रत्येकीला त्याचं सर्वांत त्रासदायक उत्तर कोणतं? शेवटी उभ्या राहणाऱ्या स्थितीत कोण बरं आहे आणि का? ‘का’चं उत्तर शब्दांत हवं: त्याचा राजा उघडा आहे, माझा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला आहे, डी५ हे घर कायमचं माझ्या घोड्याला मिळालंय, असं काहीतरी. ‘पांढऱ्याची स्थिती चांगली’ एवढ्यावर थांबलात तर पुढे इंजिन चूक दाखवेल, पण तुमच्या विचारातली गाठ सापडणार नाही.

चाली पाहताना शह, मारामारी आणि धमकी देणाऱ्या चाली आधी तपासा, दोन्ही बाजूंच्या. बहुतेक फुकट गेलेली मोहरी याच यादीतली एखादी चाल न पाहिल्याने जातात.

इथे तुमचे निष्कर्ष चुकीचे निघतील, आणि निघू द्या. ते खोडून नव्याने लिहायचे नाहीत. आपला आधीचा अंदाज आणि नंतर सापडलेलं उत्तर शेजारीशेजारी ठेवणं, हाच लेखाचा कणा असतो.

सुरुवातीच्या चाली

मोठ्या खेळाडूंच्या डावांचा संग्रह उघडून आपला डाव कोणत्या चालीला रुळलेल्या वाटेवरून बाहेर पडला ते पाहा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर हा संग्रह फुकट आहे. तिथेच सामान्य खेळाडूंच्या डावांचाही वेगळा संग्रह आहे आणि त्यात विशिष्ट रेटिंगचे (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचे) डाव वेगळे काढून पाहता येतात. आपल्या पातळीचे लोक त्या स्थितीत काय खेळतात हे कळणं कित्येकदा अधिक कामाचं असतं. लेखात मात्र पहिल्या दहा-बारा चालींवर शंभर शब्दांपेक्षा जास्त खर्च करू नका. सुरुवातीचं नाव, वाट सोडलेली चाल आणि तिथे काय खेळायला हवं होतं, एवढं बस्स. टक्केवारी देताना किती डावांवरून ती आली ते पाहा. सात डावांवरची टक्केवारी काहीच सांगत नाही.

आता इंजिन

स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे, त्याचा स्रोत खुला आहे, आणि घरच्या साध्या संगणकावरही ते कोणत्याही माणसाहून बलवान आहे. त्यामुळे ताकदीची काळजी नको. वापरण्याची रीत महत्त्वाची.

तीन सर्वोत्तम चाली एकाच वेळी दाखवा, एकच नको. प्रत्येकीपुढे आकडा येतो: अधिक म्हणजे पांढरा पुढे, उणे म्हणजे काळा. पहिली +०.४, दुसरी +०.३ आणि तिसरी +०.३ असेल, तर तुमची चाल दुसरी होती म्हणून ती चूक ठरत नाही. पण पहिली +१.८ आणि दुसरी −०.२ असेल, तर त्या जागी एकच चाल होती. अशी जागा लेखात यायलाच हवी. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. पहिल्या दोन सेकंदांतला आकडा टिपून लेखात टाकणं ही नेहमीची चूक आहे. खोली, म्हणजे इंजिन किती अर्धचाली पुढे पाहतंय तो आकडा, २०-२५ च्या पुढे जाऊ द्या. त्याग किंवा कोंडलेल्या स्थितीत आणखी थांबा.

आकड्याचा अर्थही समजून घ्यायला हवा. पूर्वी +१ म्हणजे एका प्याद्याइतकी आघाडी असं ढोबळ मानायचे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून +१ चा अर्थ, तितक्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची निम्मी शक्यता, असा बांधला आहे. ही शक्यता इंजिन विरुद्ध इंजिन अशी आहे, माणसांची नव्हे. म्हणून ‘+१.२, पांढरा जिंकतो’ असं लिहू नका. तसंच +७ वरून +४ वर येणं ही चूक नाही. जिंकलेला डाव जिंकलेलाच राहिला. उलट +०.८ वरून ०.०० वर येणं मोठी गोष्ट असू शकते. ०.०० चेही अनेक अर्थ असतात. कधी एकाच बाजूला बारा अवघड चाली अचूक खेळून सततच्या शहाने बरोबरी साधायची असते. माणसांच्या डावात त्या बाजूचा जीव टांगणीलाच लागलेला असतो, आणि तसं लिहायलाच हवं.

इंजिनाने सुचवलेली चाल समजत नसेल तर नुसतं पाहत बसू नका, तिच्याशी भांडा. तुम्हाला नैसर्गिक वाटणारं उत्तर पटावर खेळा आणि इंजिन ते कसं मोडतं ते पाहा. मग दुसरं उत्तर, मग तिसरं. तीन-चार उत्तरांनंतर कारण बहुधा उघडं पडतं: हत्तीची चाल आता सहाव्या ओळीवर जाण्यासाठी नव्हती, ती आठव्या ओळीचं रक्षण करून वजिराला मोकळं करण्यासाठी होती. लिचेसच्या विश्लेषण पटावर ‘एक्स’ ही कळ दाबली की समोरच्याची धमकी दिसते, म्हणजे आपण चाल सोडून दिली तर तो काय करेल. ‘इतकी साधी दिसणारी चाल इंजिनाला का नको’ हे बऱ्याचदा या एका कळीने सुटतं.

एवढं करूनही कारण कळलं नाही तर ती चाल लेखात घेऊ नका. स्वतःला न कळलेली चाल वाचकाला कशी कळणार?

मोहरी कमी उरली की इंजिन बाजूला ठेवा आणि टेबलबेस (अशा स्थितींचे निकाल आधीच काढून ठेवलेला संग्रह) उघडा. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरी असतील, तर सिझिजी टेबलबेस जिंकणं, हरणं की बरोबरी ते पक्कं सांगतो. तो ऑनलाइन फुकट वापरता येतो. समजा पांढरा राजा ई५वर, पांढरं प्यादं ई४वर आणि काळा राजा ई७वर आहे. पांढऱ्याची पाळी असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. तेच प्यादं ई३वर असतं, तर पांढऱ्याच्या पाळीलाही तो ई४ ही राखीव चाल खेळून काळ्या राजाला बाजूला सारतो आणि जिंकतो. टेबलबेसचा निकाल फक्त ‘बरोबरी’ किंवा ‘जीत’ एवढाच असतो. राखीव चालीचं कारण तुम्हाला लिहावं लागतं. आणि अशा डावात खरी चूक बहुतेक वेळा पाच चाली आधी ई३वरचं प्यादं घाईने ढकलण्यात झालेली असते.

लिहिणं

आता एक छोटं उदाहरण जवळून पाहू. पेट्रॉफ बचाव या सुरुवातीतला हा सापळा नवख्यांच्या डावात कितीदा तरी दिसतो:

१. ई४ ई५ २. घोएफ३ घोएफ६ ३. घो×ई५ घो×ई४ ४. वई२ घोएफ६ ५. घोसी६ शह.

पांढरा घोडा ई५वरून हलताच मागच्या वजिराचा राजावर शह बसतो आणि तोच घोडा सी६वरून डी८च्या वजिरावर चालून गेलेला असतो. काळ्याचा वजीर एका घोड्याच्या मोबदल्यात जातो.

इंजिनाची खूण कुठे पडेल? चौथ्या चालीवर: ‘घोएफ६, घोडचूक’. यावरून लिहिलेलं कच्चं टिपण असं असतं: ‘४...घोएफ६?? वजीर गेला. वई७ बरं होतं.’ खोटं यात काही नाही. पण हे वाचून पुढच्या डावात काय बदलायचं?

आता पूर्ण टिपण: ‘३...घो×ई४?! प्यादं लगेच परत मिळतंय म्हणून घेतलं. ई स्तंभ आता दोन्ही बाजूंनी मोकळा झाला आहे आणि माझा राजा अजून त्याच स्तंभावर आहे, हे पाहिलं नाही. आधी डी६ खेळून पांढऱ्या घोड्याला ई५वरून हाकलायला हवं होतं; तो एफ३वर परतल्यावर ई४ घेता येतं. तेव्हाही वई२ आलाच तर वई७ने उत्तर देता येतं, आणि शह उघडण्यासाठी मध्ये पांढरा घोडा उरलेला नसतो. ४...घोएफ६?? घोड्यावर हल्ला आला म्हणून घोडा हलवला. हल्ला घोड्यावर नव्हता, स्तंभावर होता. ४...वई७ ५. व×ई४ डी६ खेळलं असतं तर ई५वरचा घोडा वजिरामुळे जखडला जाऊन मोहरं परत मिळालं असतं आणि फक्त एका प्याद्याचं नुकसान राहिलं असतं.’

या टिपणात चाल आहे, ती खेळतानाचा विचार आहे, विचारात काय राहिलं ते आहे आणि पर्याय कारणासह आहे. चुकीचं मूळही एक चाल मागे सापडलं. ‘हल्ला कशावर आहे, मोहऱ्यावर की स्तंभावर?’ हा प्रश्न दुसऱ्या कुठल्याही डावात विचारता येतो.

लिहिताना काही मापं पाळावीत. चाळीस चालींच्या डावाला साधारण बारा ते अठरा टिपणं पुरतात, त्यांतली तीन-चार मोठी आणि बाकीची एका-दोन वाक्यांची. प्रत्येक चालीखाली काहीतरी लिहिलं की वाचकाला महत्त्वाची जागा ओळखू येत नाही. पर्यायी चालींची फांदी पाच-सहा चालींच्या पुढे नेऊ नका आणि तिला शेवटी शब्दांत निकाल द्या: ‘आणि काळ्याला सातव्या ओळीवरच्या हत्तीवर उपाय नाही.’ फांदीला फांदी एकदाच फुटू द्या. तिसऱ्या पातळीवर गेलात की वाचक कोणत्या पटावर आहे ते विसरतो. इंजिनाची अकरा चालींची ओळ जशीच्या तशी चिकटवली, तर ती कोणी खेळून पाहत नाही.

चिन्हांचं म्हणाल तर उद्गारचिन्ह जपून वापरा. एक म्हणजे चांगली आणि सापडायला अवघड चाल, दोन म्हणजे विलक्षण. प्रश्नचिन्ह एक म्हणजे चूक, दोन म्हणजे घोडचूक. ‘!?’ म्हणजे विचार करण्याजोगी आणि ‘?!’ म्हणजे संशयास्पद. पीजीएन फाइलमध्ये हीच चिन्हं डॉलरच्या खुणेपुढे १ ते ६ अशा आकड्यांनी साठवली जातात, त्यामुळे कच्ची फाइल उघडल्यावर डॉलर दिसले तर ते पुसू नका. मारलेलं मोहरं परत मारण्याला उद्गारचिन्ह कधीच नको. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या चालीलाही तितक्याच मोकळ्या मनाने ते द्या.

डावाच्या सुरुवातीला तीन-चार ओळी पुरतात: वेळमर्यादा, दोघांचं रेटिंग, फेरी आणि डावाचा मुख्य विषय. ‘हत्ती चांगला असूनही जिंकता न आलेला एंडगेम’ असा विषय आधीच सांगितला, तर वाचक ३०व्या चालीपर्यंत कशाकडे पाहायचं ते जाणून असतो.

पटाची चित्रं

चित्र कळीच्या चालीच्या आधीच्या स्थितीचं द्या, नंतरच्या नव्हे. म्हणजे वाचकाला थांबून स्वतः चाल शोधता येते. चित्राखाली कोणाची पाळी आहे ते लिहा. हे विसरलं की सर्वांत जास्त गोंधळ होतो. संपूर्ण लेखात पट एकाच बाजूने दाखवा. काळी मोहरी घेऊन खेळला असाल तर काळ्या बाजूने दाखवायला हरकत नाही, पण मध्येच फिरवू नका आणि कडेला घरांची अक्षरं व आकडे ठेवा. बाण दोन-तीनच, रंग दोनच: एक आपल्या योजनेसाठी, एक धमकीसाठी.

स्थिती एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीला एफईएन म्हणतात. तिच्यात सहा भाग असतात: मोहऱ्यांची मांडणी, पाळी कोणाची, किल्लेकोटाचे शिल्लक हक्क, जाता-जाता प्यादं मारण्याचं घर, प्याद्याची चाल किंवा मारामारी झाल्यापासून मोजलेल्या अर्धचाली आणि चालीचा क्रमांक. चित्रावरून हाताने मांडणी करताना पाळी आणि किल्लेकोट हे दोन भाग चुकतात. मग इंजिन भलतंच उत्तर देतं आणि आपण स्वतःच्याच विश्लेषणावर शंका घेतो. डावातूनच एफईएनची नक्कल केली की हा प्रश्न उरत नाही.

ऑनलाइन मांडताना

वाचकाला चाली पटावर हलवून पाहता यायला हव्यात. नुसत्या मजकुरातला चाळीस चालींचा डाव फार थोडे लोक वाचतात. लिचेसवरचा ‘स्टडी’ हा भाग यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. पैसे लागत नाहीत, मराठी टिपणं नीट दिसतात, बाण आणि चिन्हं साठतात आणि तयार पट दुसऱ्या पानावरही बसवता येतो. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात. एका डावाला एक प्रकरण ठेवा आणि एका विषयाची एक स्टडी करा, उदाहरणार्थ ‘हत्तींचे एंडगेम’.

नवी स्टडी करताना दृश्यता तपासा. सार्वजनिक, फक्त दुवा असलेल्यांना दिसणारी आणि फक्त बोलावलेल्यांसाठी, असे तीन पर्याय असतात. लिहून होईपर्यंत तिसरा ठेवा. वाचकाने आधी स्वतः विचार करावा असं वाटत असेल तर स्टडीपुरता संगणकी विश्लेषणाचा वापर मर्यादित करता येतो. प्रकरणाच्या प्रकारात पुढच्या चाली झाकून ठेवण्याचा आणि वाचकाकडून चाल खेळवून घेण्याचाही पर्याय आहे. कळीच्या जागेसाठी असं एक छोटं वेगळं प्रकरण करावं. लोक तिथे खरोखर थांबतात.

प्रसिद्ध करण्याआधी आणखी काही गोष्टी पाहून घ्या. चालू असलेल्या डावाचं विश्लेषण कुठेही टाकू नका. रोज एक चाल अशा संथ डावातही हे लागू आहे, कारण ती फसवणूक ठरते. प्रतिस्पर्ध्याचं नाव द्यायचं तर त्याला विचारा. लहान मुलांचं पूर्ण नाव, शाळा, छायाचित्र देऊ नका. ‘काळा’ आणि ‘पांढरा’ एवढ्याने काम भागतं. प्रतिस्पर्ध्याने चर्चेत सुचवलेली कल्पना त्याच्या नावावर लिहा, इंजिनाची इंजिनाच्या. दुसऱ्याने लिहिलेली टिपणं उचलून स्वतःची म्हणून मांडणं तर अजिबात नको. आणि त्याच स्पर्धेच्या पुढच्या फेऱ्या बाकी असतील तर सुरुवातीच्या तयारीचा भाग स्पर्धा संपेपर्यंत राखून ठेवा.

मग एक दिवस जाऊ द्या आणि सगळा डाव वाचकाच्या नजरेने, टिपणांसह, पटावर खेळून काढा. ‘घोडा डी५वर बसतो’ असं लिहिलंय आणि पटावर तो ई५वर आहे, असल्या चुका दुसऱ्या दिवशीच डोळ्यांत भरतात.

दुरुस्त्या आणि चुकांची वही

१९४८ साली विश्वविजेता झालेला मिखाइल बोट्विनिक खेळाडूंना आपलं विश्लेषण छापून लोकांपुढे ठेवायला सांगत असे, कारण ते लोकांपुढे आलं की त्यातली भोकं दुसरं कोणीतरी दाखवतं. आज हे काही तासांत घडतं. कोणी लिहिलं की ‘२३व्या चालीला तुमच्या पर्यायाला हत्ती×सी३ हे उत्तर आहे’, तर ते पटावर तपासा आणि खरं असेल तर मूळ फांदी न पुसता तिच्याखाली तारखेसह दुरुस्ती जोडा. मूळ मजकूर गुपचूप बदलला तर आधी वाचलेल्यांना काहीच कळत नाही, आणि तुमची विचारातली चूकही पुसली जाते.

शेवटी प्रत्येक डावातल्या कळीच्या चुका एका वहीत किंवा तक्त्यात एका ओळीत उतरवा: चालीचा क्रमांक, उरलेली वेळ आणि चुकीचा प्रकार. प्रकार पाच-सहाच ठेवा: समोरच्याची धमकी पाहिली नाही, मोजणी अर्धवट सोडली, स्थितीचा अंदाज चुकला, एंडगेमचं ज्ञान कमी पडलं, सुरुवातीची चाल विसरली, वेळ संपत आली. ‘घोडचूक’ हा प्रकार ठेवू नका, त्यातून कारण कळत नाही. दहा डावांनंतर ओळी मोजा. पन्नासातल्या वीस ओळी पहिल्या प्रकारच्या निघाल्या, तर सुरुवातीच्या चालींची नवी पुस्तकं बाजूला ठेवून रोज वीस मिनिटं डावपेचांची कोडी समोरच्याच्या बाजूने सोडवायला घ्या, आणि अकराव्या डावापासून नोंदीत धमकीच्या प्रकाराला वेगळा रंग द्या.